बिनगुळाचे धोंडे

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मारुतराव ताटावरच कलंडले. हातातला धोंडा तुपाच्या वाटीत पडला, वाटी उलटली आणि तुपाचा ओघळ जावयाच्या पाटापर्यंत गेला.

त्यांची लेक सविता किंचाळली. तिचा नवरा इंद्रजीत तोंडातला घास तसाच ठेवून उठला. सत्यजीतनं बापाला मागून कवेत घेतलं. मारुतरावांचा सदरा घामानं चिंब झाला होता. डोळे उघडे होते, पण ते कोणाकडे बघत नव्हते.

"साखर चढली," त्यांची बायको झुंबरबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात भीतीपेक्षा घाई जास्त होती. "गोड जास्ती झालं. सत्या, आडवं कर त्यांना. मी सुई आणते."

सून तेजश्री स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातात गरम धोंड्यांचं ताट होतं. साखर चढावी इतकं गोड आज या घरात कोणाच्याच पोटात गेलेलं नाही, हे त्या क्षणी फक्त तिला माहीत होतं.

धोंड्याच्या जेवणाची ही तारीख अक्षय्यतृतीयेच्या भांडणातून आली होती. चौफुल्याच्या एका दुकानात कोणीतरी मारुतरावांच्या हातात लाडवांचं पाकीट ठेवून म्हणालं होतं, "मारुतराव, गुऱ्हाळ तुमचं आन् सून बिनगुळाचं लाडू विकती व्हय?" ते पाकीट मारुतरावांनी घरी आणलं, सुनेसमोर ठेवलं आणि दिवसभर तिच्याशी बोलले नाहीत. शिक्रापूर-रांजणगावच्या सोसायट्यांमधून तेजश्रीला मागणी होती. आठवड्याला सत्तर-ऐंशी पाकिटं जायची आणि घरातला ओटा पुरत नव्हता. संध्याकाळी तिनंच विषय काढला.

"जुन्या गुऱ्हाळाची शेड रिकामीच आहे, आबा. मला भट्टी नको. नुसता ओटा आणि नळ पाहिजे."

"माझ्या बापानं जिथं गूळ काढला, तिथं तू खजूर शिजवणार?"

"शिजवत नाहीत खजूर. वाटतात."

"तेच ते." बराच वेळ ते पान लावत बसले. "अधिकात जावयाचं धोंड्याचं जेवण हुं दे. मग बोलू."

आबांनी नुसता विषय लांबवला, असं सत्यजीतचं मत पडलं. तेजश्रीनं मात्र तारीख मिळाली असं धरलं.

अधिक महिना तीन वर्षांनी येतो. तो आला की लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे वाढायचे आणि तीस-तीन अनारशांचं वाण द्यायचं, ही या घराची रीत. सकाळीच झुंबरबाईंनी ढेप फोडून गुळाचं पातेलं ओट्यावर आणून ठेवलं.

"डाळीला बरोबरीनं घाल. हात आखडू नको. जावई येतोय, आजारी माणूस न्हाई."

"आबापण पंगतीला बसणार ना, आई?"

"बसू दे की. एका दिसानं काय हुतंय? त्यांचं मी बघते."

एवढं बोलून त्या मागच्या अंगणात चुलीशी अनारसे तळायला बसल्या. तेजश्री ओट्यापाशी एकटी उरली.

गेल्या दिवाळीत मारुतरावांच्या उजव्या पायाचा अंगठा काढावा लागला होता. घरी सोडताना पुण्याच्या डॉक्टरांनी घोट्यावर बोट ठेवून दाखवलं होतं, पुढच्या वेळी इथून. मारुतराव तेव्हा खिडकीबाहेर बघत होते. झुंबरबाई पिशव्या भरत होत्या. ते बोट तेजश्रीनं पाहिलं. आज आपण जे करायला निघालो ते त्या घोट्यासाठी की शेडसाठी, असं तिला कोणी विचारलं असतं तर तिला एका शब्दात सांगता आलं नसतं.

तिनं शिजलेली डाळ चाळणीत निथळून घेतली. लाल भोपळ्याच्या फोडी वाफवल्या आणि कढईत पाणी आटेपर्यंत कोरड्या परतल्या. भिजवलेल्या काळ्या खजुराच्या बिया काढून तो वाटला, पण तोही हात राखून, पाच वाट्या डाळीला अर्ध्या वाटीच्या आतच. तिन्ही एकत्र पुरणयंत्रातून काढलं. रंग जमला. वास जमेना. गुळाच्या पुरणाचा वास घरभर फिरतो, हा जागचा हलत नव्हता. मग तिनं सुंठ घातली, बडीशेप भाजून कुटून घातली, जायफळ जरा जास्तच किसलं. कणकेत मूठभर नाचणीचं पीठ मिसळलं, म्हणजे पारीचा रंग गुळाच्या पाण्यात भिजवल्यासारखा दिसेल. गुळाचं पातेलं तिनं तांदळाच्या कोठीत तळाशी ठेवलं आणि वर तांदूळ सारखे केले. अनारशांना मात्र तिनं हात लावला नाही. ते वाण होतं आणि आबांच्या ताटात जाणार नव्हतं.

आधी सगळ्यांना जेवू द्यायचं. चांगलं झालंय म्हणू द्यायचं. मग सांगायचं, आबा, यात गूळ नाही. वाक्य तिनं मनात इतक्या वेळा म्हणून पाहिलं होतं की ते आता पाठ झालं होतं.

बाराच्या सुमाराला इंद्रजीतचा फोन आला. शिरूरहून निघून ते दोघं आधी शिक्रापूरला गेले होते. तिथल्या खोल्यांत त्याचे भाडेकरू राहायचे, कंपन्यांत कामाला जाणारी पोरं. त्यांच्या पाण्याच्या मोटरीचं काहीतरी काम होतं.

"मामी, शिक्रापूर सोडलं. पोचतोच आता."

झुंबरबाईंनी हात धुतले, फ्रिजच्या दारातली बाटली घेतली आणि गुऱ्हाळावरून नुकत्याच आलेल्या मारुतरावांना आतल्या खोलीत नेलं. सुई त्याच द्यायच्या. एका कंपाउंडरनं शिकवल्यापासून त्यांनी दुसऱ्या कोणाला बाटलीला हात लावू दिला नव्हता. दार लोटलं गेलं आणि थोड्या वेळानं उघडलं.

पाहुणे आले नाहीत. एक वाजला. सत्यजीतनं फोन लावला तर उचलला गेला नाही. मारुतराव ओसरीवर येरझाऱ्या घालू लागले. कपाळाचा घाम पुसत होते, पण मे महिन्यात घाम कोणाला येत नव्हता?

"आबा, दोन घास खाऊन घ्या. सुई झालीय ना," तेजश्री म्हणाली.

"जावई यायच्या आधी सासरा जेवतो व्हय? तुझ्या माहेरात तशी रीत आसंल."

"मशीनवर बघू तरी किती आहे ते."

"पट्ट्या न्हाईत," सत्यजीत मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला. "चौफुल्याला गेलो की आणतो."

तो रोज चौफुल्याला जात होता.

पाहुणे आले तेव्हा पावणेदोन झाले होते. "ट्रक, ट्रक आन् ट्रक," इंद्रजीत चपला काढत म्हणाला. "त्या चौकात माणसानं घर बांधून ऱ्हावं, पोचायची घाई करू नये."

"मी म्हणत होते लवकर निघू," सविता म्हणाली. "ह्यांचं आपलं मोटर, मोटर. आई, भूक लागलीय गं. आबा, वाळलात तुम्ही. वहिनी जेवायला देते का न्हाई?"

"देते की. मोजून," झुंबरबाई म्हणाल्या, आणि सगळे हसले. तेजश्रीही हसली.

पाट मांडले, रांगोळी झाली, औक्षण झालं. अनारशांचं तांब्याचं ताट देवापुढे तयार ठेवलं होतं. जेवण झाल्यावर वर दिवा लावून ते द्यायचं होतं. तेजश्रीनं वाढायला घेतलं तसा सवितानं पहिला धोंडा उचलून नाकाशी नेला.

"वहिनी, ह्यात तरी गूळ हाय ना? का तुमच्या त्या लाडवासारखं?"

"खाऊन सांगा ना, वन्सं."

"काय सांगायचंय त्यात?" झुंबरबाई म्हणाल्या. "मी माझ्या हातानं ढेप फोडून दिलीय."

इंद्रजीतनं तुपात बुडवून अर्धा धोंडा एकदम तोंडात घातला. डोळे मिटले. तेजश्री त्याच्या जबड्याकडे बघत राहिली.

"वा, मामा. घरचा गूळ तो घरचा गूळ. आमच्या शिरूरच्या बाजारात हिंडून बघा, आसा सापडायचा न्हाई."

मारुतराव खुलले. "सापडंल कसा? रसावरची मळी काढताना मी माणसाला तंबाखू खायला सुदीक हलू देत न्हाई. हा रंग बघा. सूनबाई, तू बी बघ. ह्याला गोड म्हंत्यात. तुझ्या खजुरानं हुतंय का हे?"

"घ्या की अजून, दाजी," सत्यजीत म्हणाला. "तीन वर्सांनी येतंय."

"मी लाजलो आसतो तर पाट सोडून उठलो आसतो. वाढा, वहिनी."

तिसरा गेला, चौथा गेला. सविताही खात होती आणि आता टोमणे मारत नव्हती. हीच ती वेळ, असं तेजश्रीला वाटलं. ती आत जाऊन गरम धोंड्यांचं ताट घेऊन आली आणि दारातच थांबली. पाठ केलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं. मारुतरावांचा हात थरथरत होता. धोंडा तुपापर्यंत पोचत नव्हता.

"आबा, तुम्हाला एक सांगायचं होतं."

मारुतरावांनी मान वर केली आणि तिच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं. "ही कोण? हितं का उभी ऱ्हायली?"

इंद्रजीत हसला. "मामा, सूनबाई हाय तुमची. जेवण चढलं काय?"

"कोण हाय म्हणतो मी!" मारुतराव ओरडले, शब्द एकमेकांत गुंतवत. सत्यजीतही हसला, पण अर्धवट. त्याचा बाप अशी गंमत कधी करत नसे. आणि मग तो बाप कलंडला.

झुंबरबाई सुई भरूनच बाहेर आल्या. तेजश्रीनं हातातलं ताट जमिनीवर ठेवलं आणि ती सासूच्या वाटेत उभी राहिली.

"आई, नका देऊ."

"सर बाजूला."

"साखर चढलेली नाही. उतरलीय. घाम बघा त्यांचा, अंग गार पडलंय."

"आता तू मला शिकीवणार? समद्यांदेखत चार-चार धोंडे गेल्यात पोटात, आन् उतरलीय म्हंती! सत्या, हिला बाजूला घे."

सत्यजीत जागचा हलला नाही. त्याच्या मांडीवर बापाचं डोकं होतं. पण तो "आईचं ऐक" असं म्हणाला.

"आई, सुई दिलीत तर आबा जातील." तेजश्रीनं झुंबरबाईंचं मनगट धरलं. लग्न झाल्यापासून सासूच्या अंगाला तिनं कधी असा हात लावला नव्हता. "धोंड्यांत गूळ नव्हता."

मागच्या अंगणात अनारशांची कढई चुलीवर तशीच राहिली होती. तिच्यात तूप करपत होतं.

"काय नव्हतं?" सविता म्हणाली.

"गूळ. खडासुद्धा नाही. डाळ, भोपळा आणि थोडासा खजूर."

"खोटं बोलती ही. मी ढेप फोडली..."

तेजश्री आत गेली. कोठीत खांद्यापर्यंत हात घालून तिनं पातेलं बाहेर ओढलं आणि आणून सगळ्यांच्या मधे ठेवलं. गुळाच्या खड्यांना तांदळाचे दाणे चिकटले होते. इंद्रजीतनं एकदा पातेल्याकडे आणि एकदा आपल्या ताटाकडे बघितलं. "मी पाच खाल्ले," तो कोणालाच उद्देशून न म्हणता म्हणाला.

झुंबरबाई ओरडतील असं तेजश्रीला वाटलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी हातातल्या सुईकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. नुसत्या फसवणुकीनं माणूस असा पांढरा पडत नाही, एवढं तेजश्रीला जाणवलं, पण विचार करायला वेळ नव्हता. सुई त्यांनी पाटाच्या कडेला ठेवली.

"काकवी कुठंय?" तेजश्रीनं विचारलं.

सत्यजीत आईच्या तोंडाकडे बघत राहिला. धावला तो इंद्रजीत. "कुठंय, वहिनी?"

"मागच्या पडवीत. निळा कॅन."

तो कॅनच उचलून घेऊन आला. तेजश्रीनं काकवीत बोट बुडवून मारुतरावांच्या गालाच्या आत, हिरड्यांवर चोळलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा चोळलं. "पाणी नका पाजू. गिळता येत नाहीये त्यांना. दाजी, गाडी दाराशी लावा." काकवी त्यांच्या हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळली. शेवटी त्यांची जीभ हलली आणि ओठांवरून फिरली.

सविता बापाचे तळपाय चोळत होती. ती वर न बघता म्हणाली, "शेवटी गूळच लागला ना? वहिनी, सांगा की. शेवटी गूळच लागला ना?"

केडगावच्या खासगी दवाखान्यात पोचले तेव्हा मारुतरावांची साखर अडतीस होती, तीही काकवी चोळल्यानंतर. ग्लुकोज शिरेतून दिलं गेलं, सलाइन लागलं. डॉक्टर बाई वयानं तेजश्रीएवढ्याच होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "दुपारचं इन्सुलिन किती दिलं होतं?"

"रोजचंच," झुंबरबाई म्हणाल्या. "बारा."

"आणि जेवण?"

"उशिरा झालं," सत्यजीत म्हणाला.

"जेवण कसलं?" सविता मधेच बोलली. "भोपळा खायला घातला वहिनीनं. सणाच्या दिवशी. आम्हाला न सांगता."

डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि त्या आत गेल्या.

बाहेर लांब बाक होता. झुंबरबाई एका टोकाला बसल्या, सविता त्यांना चिकटून. तेजश्री भिंतीला टेकून उभी राहिली. कोणी बस म्हणालं नाही.

"जावयाला धोंड्यात भोपळा," सविता म्हणाली. "शिरूरला माझ्या सासूला कळलं तर ती मला जन्मभर ऐकवंल. बरं, ते जाऊ दे. पण माझ्या बापावर तू तुझ्या लाडवाचा धंदा तपासून बघितलास. शेड पाहिजे ना तुला? बोल की."

"शेड पाहिजे," तेजश्री म्हणाली. "आणि आबांचा पायपण पाहिजे."

"पाय राहिला. माणूस चालला."

"सवे, गप," सत्यजीत म्हणाला. मग बायकोजवळ येऊन, खालच्या आवाजात, "आता निदान काही दिवस शेडचं नाव काढू नको."

"मी काढलं का?"

"मला तरी सांगायचंस."

"तुला पट्ट्या आणायला सांगितल्या होत्या."

तो बाहेर जाऊन पायरीवर बसला. इंद्रजीत चहा घेऊन आला. त्यानं पहिला कप सासूला दिला, दुसरा तेजश्रीला. सवितानं ते पाहिलं.

साखर वर गेली, एकशेदहा झाली. सगळ्यांनी श्वास सोडला. सविता डोळे पुसून फोनवर कोणाला तरी "आता बरं हाय" सांगत होती तेवढ्यात नर्स घाईनं आत गेली आणि मागोमाग डॉक्टर. साखर पुन्हा चोपन्नवर आली होती.

"एवढं ग्लुकोज जाऊनही खाली येतेय," डॉक्टर दारात येऊन म्हणाल्या. "बारा युनिटनं असं व्हायला नको. किडनीचं तपासावं लागेल. नाहीच सावरली तर पुण्याला हलवू. मला अंदाज येत नाहीये, म्हणून विचारते, दुसरं काही औषध, कोणी काही पाजलं, चूर्ण वगैरे?"

"न्हाई," झुंबरबाई म्हणाल्या.

डॉक्टर गेल्या. झुंबरबाई उठल्या, पाण्याच्या नळाकडे गेल्या आणि तिथून त्यांनी हाक मारली, "तेजा, पेला दे गं."

पेला नळाशीच साखळीला बांधलेला होता. तेजश्री गेली. झुंबरबाईंनी नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात बोलल्या.

"बारा न्हाई. वीस दिली."

तेजश्रीला आधी अर्थच लागला नाही.

"धोंडे खाणार म्हणून. खायचं सोडत न्हाईत, मग निदान सुई तरी... सणाला मी वाढवूनच देती. त्यांना बी म्हाईत न्हाई." पेला भरून वाहत होता. "पोचतोच म्हणाला जावई, म्हणून लगी दिली."

"डॉक्टरांना सांगितलं पाहिजे. आत्ता."

"तू सांग. माझं नाव घिऊ नको. सवीम्होरं, जावयाम्होरं..." त्यांनी पदर तोंडाशी धरला. "तुझ्या पाया पडते."

"तसं बोलू नका."

तेजश्री सरळ आतल्या दाराशी गेली. बाकापासून ते दार चार पावलांवर होतं आणि तिचा आवाज दबला नाही. "मॅडम, इन्सुलिन वीस युनिट गेलंय. बारा नाही."

"वीस?" डॉक्टर वळल्या. "आणि हे मला आत्ता सांगताय?" उत्तराची वाट न बघता त्या नर्सकडे वळून भराभर सांगू लागल्या. दार बंद झालं.

सविता उभी राहिली होती. "वीस? कोण म्हणतं वीस? तुला कसं म्हाईत?"

एका शब्दात तेजश्रीची सुटका होती. दुपारपासून तिच्यावर जे साचत गेलं होतं, ते अर्धं तरी त्या शब्दानं उतरलं असतं. ती नळाकडे बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती.

"तू हात लावलास का बाटलीला? वहिनी, मी काय विचारते?"

"मी दिली," झुंबरबाई म्हणाल्या.

पेला त्यांच्या हातातून सुटला आणि साखळीला लटकत राहिला. सत्यजीत पायरीवरून उठून आत आला होता.

"धोंडे खाणार म्हणून जास्ती दिली. पाडव्याला दिली, दिवाळीला दिली. कवा काय झालं न्हाई."

दिवाळीलाच अंगठा गेला होता, असं तेजश्रीच्या मनात आलं. ते तिनं मनातच ठेवलं.

"तवा गूळ होता, आई," सत्यजीत म्हणाला.

झुंबरबाईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्या सुनेकडे बघत होत्या. "व्हय. तवा गूळ होता. मला सांगितलं आसतंस तर?"

"तुम्ही मला सांगितलं असतंत तर?"

सविता बाकावर बसली. या वेळी ती आईपासून थोडी लांब बसली. इंद्रजीत घसा खाकरून, खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "मी फोन केला तवा शिक्रापूर सोडलं नव्हतं. चौकातच हुतो. निघालो म्हणायचं म्हणून म्हणालो."

"तुम्ही आता गप बसा," सविता म्हणाली. तिचा आवाज पार खाली गेला होता.

अंधार पडल्यावर नर्स बाहेर आली. पेशंटनं डोळे उघडलेत, बोलतायत, एकानंच आत या, असं ती म्हणाली. सगळ्यांनी झुंबरबाईंकडे बघितलं. त्या उठल्या नाहीत. सवितानं त्यांच्या कोपराला हात लावला, तरी नाही.

"मला काय तोंड हाय?" त्या म्हणाल्या. "तू जा, तेजा."

"आई, अगं मी जाते की..." सविता म्हणाली.

"तिला जाऊ दे."

मारुतरावांच्या ओठांच्या कोपऱ्यात काकवी वाळून चिकटली होती. तेजश्रीनं ओल्या रुमालानं ती पुसली. त्यांनी तिला ओळखलं. ओळखलं हे तिला त्यांच्या कपाळावरच्या आठ्यांवरून कळलं.

"सूनबाई. वाण दिलं का जावयाला?"

अनारशांचं ताट गावी खुटबावला, कुलूप लावलेल्या घरात, देवापुढे तसंच होतं.

"द्यायचंय, आबा. घरी गेल्यावर देऊ."

"मला काय झालं?"

"चक्कर आली तुम्हाला."

त्यांनी डोळे मिटले. झोप लागली असं तिला वाटलं. ती रुमालाची घडी घालत होती, तेव्हा ते पुन्हा बोलले, डोळे न उघडता.

"धोंडे चांगलं झाल्तं. गूळ कंच्या ढेपेचा घातलास?"

नर्स आली. तिनं मारुतरावांचं बोट टोचलं, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. साखर एकाहत्तर भरली. तिनं आकडा तक्त्यावर लिहिला आणि पुन्हा तासाभरानं बघू म्हणाली. दाराच्या काचेतून सविताचा चेहरा दिसत होता, तिच्या मागे झुंबरबाईंचा पदर.

मारुतरावांनी डोळे उघडले होते आणि ते उत्तराची वाट बघत होते.